दारातनं या, सर

मिस्तरीचाचांच्या माडीवर मी अठरा वर्षं भाड्यानं राहिलो. अठरा वर्षांत ते माझ्यावर एकदाच चिडले, आणि तेही अजून बांधलेलीच नव्हती अशा एका भिंतीवरून.

नांदूरघाटात शाळेच्या मागं कुणाच्या तरी घराची आखणी चालली होती. जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढलेल्या. चाचा मधोमध उभे राहून दोरी धरत होते. मला त्यांना निरोप द्यायचा होता म्हणून मी सरळ त्यांच्याकडं चालत गेलो. त्यांनी दोरी खाली टाकली.

"सर, भिंतीतनं आलात की वो!"

"अहो चाचा, भिंत कुठंय अजून?"

"तुमाला दिसंना म्हणून न्हाईच म्हणता का? तिकडून दार हाय. माघारी जा अन् दारातनं या."

मी माघारी गेलो. तीन फुटांची एक जागा होती, तिथं रेघ तुटलेली होती. तिथून आत आलो. घरमालक, दोन गवंडी आणि वाळू चाळणाऱ्या बाया हसत होत्या. चाचा हसत नव्हते. "हां, आता बोला," म्हणाले.

पुढं मला कळलं, की ही त्यांची जुनी खोड होती. पडकं घर असो, नुसता पाया असो, की शेतातली एखादी मोडकी खोली. भिंत घोट्याएवढी उरली असली तरी चाचा ती ओलांडायचे नाहीत. आधी दार कुठं होतं ते शोधायचे, वळसा घालून तिथून आत जायचे, आणि आत शिरताना हलक्या आवाजात "सलाम" म्हणायचे. आत फक्त तरवड आणि शेळ्यांच्या लेंड्या असायच्या. कुणी चेष्टा केली की म्हणायचे, "घर पडलं म्हणून दार सुटत न्हाई." एवढंच. त्याच्या पुढचं काही सांगायचे नाहीत.

चाचांना जाऊन आता दुसरं वर्ष लागलंय. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की माझ्या मनात त्यांची एकेक गोष्ट सुटी सुटी येते. ती कोणत्या सालातली, काही ठरवता येत नाही.

उंच, वाळकं अंग. पापण्यांवर कायम पांढरी भुकटी. लुंगीवर बिनबाह्यांचा स्वेटर, वैशाखातसुद्धा. कानाच्या पाळीमागं पेन्सिल. नमाजाला जाताना ती पेन्सिल ते आमच्या हिच्याकडं ठेवायला द्यायचे, जणू मौल्यवान वस्तू आहे. त्यांची बीवी मी राहायला यायच्या आधीच गेली होती. एक मुलगी पुण्यात नोकरीला. खाली ते एकटे, वर आम्ही दोघं.

आणि भिंत चाखायची सवय! जुनी गढी, मशीद, देऊळ, कुठंही चुन्याची भिंत दिसली की नखानं कण काढायचा आणि जिभेवर ठेवायचा. डोळे मिटून थोडा वेळ थांबायचे. मग निकाल यायचा. "गूळ कमी पडलाय." किंवा, "ह्याला बेलफळाचं पानी पाजलंय, चांगला मानूस व्हता." एकदा आमच्या स्वयंपाकघरातला पोपडा पडला. तो बघायला आले आणि सवयीनं कण तोंडात टाकला. आमची ही चुलीपासून वळून म्हणाली, "काय चाचा, मीठ बरोबर आहे का?"

"भाबी, हे सिमेंट हाय. ह्याला चव नसते," ते गंभीरपणे म्हणाले. "सिमेंट लगेच हो म्हणतं. चुना आधी इचार करतो."

तरणा असताना बैलाच्या घाणीवर चुना मळलेला हा माणूस. पुढं सगळं आयुष्य सिमेंटात गेलं, कारण लोकांना घाई असते. पण मन चुन्यातच राहिलं.

रोम आमच्यामध्ये कसं आलं ते सांगतो. मी शाळेत इतिहास शिकवायचो. एका वर्षी चाचा आमच्या वर्गाच्या मागची भिंत दुरुस्त करत होते आणि आत मी रोमचा धडा घेत होतो. दुपारच्या सुट्टीत ते खिडकीशी आले.

"सर, ते लोक चुन्यात काय घालायचे म्हनलात?"

"ज्वालामुखीची राख."

मान हलवून गेले. आठ दिवसांनी जिन्यात भेटले. "ती राख तशीच घालायचे, का आधी चाळून?"

"ते काही मला माहीत नाही, चाचा."

"मग पोरांला शिकवता काय तुमी?"

या प्रश्नाचं उत्तर मला निवृत्त होईपर्यंत देता आलं नाही. तीस वर्षं मी जे शहर मुलांना शिकवलं ते मी पाहिलेलंच नव्हतं. निवृत्त झाल्यावर मी हिला म्हणालो, पुण्याची एक सहल आहे, फक्त आठच माणसं नेतात, जुनं रोम नीट हिंडून दाखवतात, जाऊ. ही म्हणाली, "पडकी घरं बघायला एवढ्या लांब? माझे गुडघे हितंच दुखतात तेवढे पुरे." खाली ओट्यावर चाचा तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर केली.

"सर, मी येतो."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण उमराहला जाऊन आलेले, पासपोर्ट तयार होता. मुलीनं पुण्याहून सगळं जमवून दिलं. गावात ज्यानं त्यानं विचारलं, "चाचा, कुठं चाललाव?" ते सांगायचे, "पडकी घरं बघाया." कुणीतरी म्हणालं, "ती काय हितं कमी हायेत व्हय?" त्यावर चाचा जे बोलले ते मी ऐकलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

"हितली मला बघवत न्हाईत," असं म्हणाले होते.

*

रोमचे पहिले दोन दिवस चाचा गप्पच होते. मोठमोठे खांब, कमानी, गर्दी, फोटो काढणारी माणसं. आमच्यातले पुण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी हातातल्या पुस्तकात प्रत्येक ठिकाणावर खूण करत होते. चाचा एखाद्या विटेवर तळहात ठेवून उभे राहायचे आणि पुढं सरकायचे. मी विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाले, "राजाची घरं हायेत सर. राजाच्या घरात आपलं काय काम?"

तिसऱ्या दिवशी आम्ही शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर एक जुनं बंदर पाहायला गेलो. ओस्तिया. समुद्र केव्हाच लांब सरकला आणि गाव मागं राहिलं. आमची मार्गदर्शक साठीची, पांढऱ्या केसांची, बारीक अंगाची इटालियन बाई होती. हातात मिटलेली पिवळी छत्री. ती इंग्रजीत सांगायची, मी चाचांसाठी मराठीत आणायचो. तिसऱ्या वाक्याला माझं इंग्रजी धापा टाकायचं, आणि उरलेलं चाचा भिंतीकडं बघून स्वतःच पुरं करायचे.

ते गाव मला अजून स्वप्नात येतं. एक लांब, सरळ रस्ता, काळ्या फरशांचा. दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, खानावळी, हमामखाने, पण बहुतेकांच्या भिंती छातीच्या वर नाहीत. वर छत्रीसारखी पसरलेली पाइनची झाडं. त्यांची सावली रस्त्यावर पाण्यासारखी हलत होती. भिंतींच्या फटींतून लाल खसखशीची फुलं. माणसं इतकी थोडी, की सरड्याची सळसळ ऐकू यायची.

चाचा रस्त्यावर उकिडवे बसले. फरशीवरून हात फिरवला.

"सर, ह्यो तर आपला काळा फत्तर!"

मी बाईंना सांगितलं, की आमच्याकडं सगळीकडं हाच दगड असतो, शेतात, विहिरीत, घरात. तिनं विचारलं, "तुमच्याकडंही ज्वालामुखी होता?" मी म्हणालो, "फार पूर्वी." चाचांना हे सांगितलं तर त्यांनी ती फरशी पुन्हा थोपटली. "म्हंजी भाऊच की," म्हणाले.

त्यानंतर ते मोकळे झाले. एका उंच उरलेल्या भिंतीत ओळीनं चौकोनी भोकं होती. बँक अधिकारी म्हणाले, बाण मारायला असतील. चाचा पुढं झाले. "न्हाई साहेब. परांचीची भोकं हायेत ही. बांधताना लाकडं खुपसायची, त्यावर उभं राहायचं, वरचं काम झालं की लाकडं काढायची. आमी बी तसंच करतो." मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी छत्री टाळ्यांसारखी तळहातावर आपटली. "अगदी बरोबर! हे मी नेहमी शेवटी सांगते." मग ती चाचांना प्रत्येक भिंतीपाशी विचारू लागली. ते दाखवायचे: हा कोपरा शिकाऊ मानसानं केलाय, इथं वीट संपली अन् जुनी वापरली, इथं मालक डोक्यावर उभा होता, बघा किती सरळ हाय. त्यांनी चुन्याचा कण जिभेवर ठेवला तेव्हा ती आधी दचकली, "हात लावू नका" म्हणाली, आणि मग न राहवून विचारलं, "काय म्हणतोय?"

"राख चाळूनच घातलीय," चाचा म्हणाले आणि माझ्याकडं बघून हसले. इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं होतं.

आणि ते दारातूनच जात होते. तिथं प्रत्येक घराला, दुकानाला दगडाचा उंबरा जागेवर आहे. उंबऱ्यात दाराचा खुंटा फिरायची गोल खोबण. चाचा त्या खोबणीत बोट घालायचे, "सलाम" म्हणायचे आणि आत पाय ठेवायचे. त्यामुळं ते सतत मागं पडत. बाकीचे गुडघाभर भिंती ओलांडून सरळ पुढं जात. एका घरात बँक अधिकारी फोटोसाठी भिंतीवरून टांग टाकून आत आले. चाचा म्हणाले, "साहेब, भिंतीतनं आलाव."

"अहो, दोन हजार वर्षं झाली ती पडून!" ते वैतागले.

"पर त्यानला काय वाटंल?"

"कुणाला?"

चाचा पुढच्या उंबऱ्याकडं वळले. बाईंनी मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तिनं छत्री काखेत मारली. मग म्हणाली, "मी इथं पंचवीस वर्षं लोकांना फिरवते. आज आपण सगळे दारातून जाऊ." बँक अधिकारी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, पण गेले. त्यानंतर आम्ही आठ माणसं एकामागून एक, उंबरे ओलांडत, त्या गावात पाहुण्यांसारखे शिरत होतो. कुणी मोठ्यानं बोलेना. दुकानातून आत, आतल्या खोलीतून अंगणात, अंगणातून बोळात. एका खानावळीत फरशी बसवलेला कट्टा होता, तिथं सांगलीच्या एक डॉक्टरीणबाई नकळत हात टेकून उभ्या राहिल्या, कुणीतरी वाढेल म्हणून वाट बघितल्यासारख्या.

दुपारी जेवायला बसताना बाईंनी माणसं मोजली. सात.

चाचा नव्हते. तिचा चेहरा पांढरा पडला. गाव मोठं आहे, बोळ सारखे आहेत, माणूस म्हातारा, भाषा येत नाही. ती एका बाजूला गेली, मी दुसऱ्या. मी "चाचा! चाचा!" हाका मारत त्या शांत रस्त्यानं धावत होतो, आणि मनात एकच विचार येत होता. ह्या माणसाला मी इतक्या लांब आणलं कशाला?

ते एका अगदी लहान घरात सापडले. एकच खोली. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते, समोर दाराची जागा. ते रडत होते. आवाज न करता, बसल्या जागी, गालावरची धूळ भिजवत.

मी धावत होतो तसाच भिंत ओलांडणार होतो. थांबलो. फिरून दारातून गेलो आणि शेजारी बसलो.

मग ते बोलायला लागले. त्यांनी जे सांगितलं ते अठरा वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचं मूळ गाव नांदूरघाट नव्हे. मांजरेकाठी होतं, धरणात गेलं. चाळीसेक वर्षं झाली. पाणी येणार म्हटल्यावर लोक घराची लाकडं सोडवून नव्या वस्तीवर न्यायला लागले. चाचा तेव्हा तिशीचे, गावातले एकटे चांगले मिस्तरी. "सगळ्या गावाची दारं म्या काढली, सर. चौकट हलकी निघाली पायजे, लाकूड चिरलं न्हाई पायजे, म्हणून मलाच बोलवायचे. दोन महिन्यांत गावात एक दार ठेवलं न्हाई."

शेवटी त्यांचं स्वतःचं घर राहिलं. त्यांची अम्मा निघायला तयार नव्हती. विधवा, हट्टी बाई. बाहेरच्या खोलीत बसून राहिली. "पानी येऊ दे, मग बघू," म्हणायची. खालच्या आळीत पाणी शिरलं. चाचा रागानं पहार घेऊन आले. दार काढलं की अम्मा उठेल, असं त्यांना वाटलं. बिनदाराच्या घरात बाई कशी बसेल?

"चौकट निघाली अन् वरची भिंत खाली आली. दारात दगडमातीचा ढीग. अम्मा आत. धूळ अशी की काय दिसंना. मी मागं धावलो, मागची भिंत फोडली, भगदाड पाडलं अन् तिला उचलून भाईर काढली. लागलं न्हाई तिला, काय बी न्हाई. पर तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, चोरासारखं काढलंस रे मला माझ्या घरातनं."

पाइनच्या शेंड्यांतून वारा गेला.

"पुढं नव्या वस्तीवर अकरा वरसं जगली. मलाच जेवू घालायची. पर ती गोष्ट तिनं पुन्हा काढली न्हाई, अन् म्या बी न्हाई. उन्हाळ्यात धरण उतरलं की गाव उघडं पडतं. सगळे बघाया जातात. मी एकदा बी गेलो न्हाई. हे दार बघितलं," त्यांनी समोर बोट केलं, "अन् बसावं लागलं."

दाराच्या बाहेर सावली आली. बाई होती, धापा टाकत. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर थांबून तिनं मला डोळ्यांनी विचारलं. चाचांनी चेहरा पुसला.

"या बाई, या," म्हणाले.

भाषांतराची गरज पडली नाही. ती आली आणि आमच्या समोर जमिनीवर बसली. पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि तीन वाटे केले.

*

परत आल्यावर चाचांनी गावात रोमबद्दल फारसं काही सांगितलं नाही. "चांगलं काम हाय," एवढंच. त्या वर्षी पाऊस आधीच कमी झालेला. मे लागला आणि बातम्या यायला लागल्या, धरण तळाला गेलंय, जुनी गावं दिसायला लागलीत. एका सकाळी चाचा जिना चढून वर आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला.

"सर, गाडी सांगितलीय. भाबी, तुमी बी चला. गुडघ्याचं काय काम न्हाई, सपाट हाय सगळं."

पुण्याहून मुलगी आली होती. वाटेत नव्या वस्तीवर थांबून त्यांनी तीन म्हाताऱ्या माणसांना गाडीत घेतलं. त्यातली एक त्यांची जुनी शेजारीण, नव्वदीला टेकलेली माळ्याची म्हातारी. डोक्यावरचा पदर दातात धरून ती चाचांकडं बघत होती. "माय गेल्यापासनं आज दारात आलास रे," म्हणाली. चाचांनी वाकून तिच्या पायांना हात लावला.

आम्ही गाडी काठावर सोडून चालायला लागलो. पांढरट, तडकलेला गाळ, मैलभर. शिंपल्यांचा कुरकुर आवाज पायाखाली. पाण्याची एक निळी पट्टी लांब कुठंतरी, तिच्यावर उन्हाची झिलई. आणि मध्येच, काही खूण नसताना, गाव सुरू झालं. काळ्या दगडांचे पाये. अर्धी गाळात रुतलेली उखळं. एका जागी जातं, वरची तळी सरकलेली, जणू बाई नुकतीच उठून गेलीय.

चाचा सगळ्यांच्या पुढं गेले आणि आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. मला क्षणभर ती पिवळ्या छत्रीवाली बाईच आठवली.

"ही वेस," ते म्हणाले. "इथनं आत. हे चावडीचं जोतं. हा सुताराचा उंबरा, त्याची चौकट सागाची व्हती, काढताना एक खिळा वाकला न्हाई. हे गुरवाचं. हे पठाणाचं, ह्याच्या दारावर मोर व्हते दोन."

सगळी दारं त्यांना पाठ होती. आम्ही सात माणसं, एकामागून एक, प्रत्येक घरात दारानं जात होतो आणि दारानं बाहेर येत होतो. माझी बायको, जी पडकी घरं बघायला लांब जाणार नव्हती, ती प्रत्येक उंबऱ्याशी चप्पल काढत होती. ऊन रणरणत होतं, तरी सगळं एखाद्या झोपेत चालल्यासारखं संथ वाटत होतं.

मग चाचा थांबले. समोर एक लहान घर. दाराच्या जागी दगडांचा ढीग, गाळानं लिंपून गेलेला. मागच्या भिंतीच्या पायात एक भगदाड. ते पुढं जाईनात. त्यांची मुलगी म्हणाली, "अब्बा?" त्यांनी मान हलवली.

माळ्याची म्हातारी काठी टेकत त्यांच्या बाजूला आली.

"कावून थांबलास?"

"दार बंद हाय, वैनी. म्याच बंद केलंय."

"कशाचं बंद! त्या बाजूनं बघ की. दगड सारल्यात."

आम्ही पाहिलं. ढिगाच्या डाव्या अंगाला दगड हातानं उचलून बाजूला रचले होते, एक माणूस जाईल एवढी वाट. गाळ त्यांच्यावरही तसाच चढलेला, म्हणजे जुनं काम.

"कुणी सारलं?" चाचा म्हणाले.

"तुज्या मायनं. अन् म्या. धरण पहिल्यांदा उतरलं तवा. मला म्हणली, चल माळनी. दोघी आलतो चालत. दिसभर दगड उचलले. मग ती आत गेली, घटकाभर बसली, अन् दारातनं भाईर आली. पुढल्या वरसाला पुन्हा आलतो. लई खूश असायची हितं आली की."

चाचांनी रचलेल्या दगडांतल्या एकावर हात ठेवला. मग म्हणाले, "मला कावून न्हाई सांगितलं?"

"म्या म्हणलं सांग पोराला. तर म्हणली, नको गं. त्याला कळलं तर येईल अन् नवं दार बसवत बसंल, पाण्याखाली." म्हातारी हसली, बिनदातांचं. "अन् मग उठून म्हणली, चल लवकर, भाकरी टाकायच्यात, पोरगं कामावरनं भुकेलं येईल."

चाचा त्या वाटेनं आत गेले. "सलाम" म्हणाले की नाही मला ऐकू आलं नाही. आम्ही कुणी मागं गेलो नाही. मुलगी जायला निघाली, तर माझ्या बायकोनं तिचा हात धरला. ते आत एकदा चारी बाजूंनी फिरले, भिंतींच्या उरलेल्या दगडांवर हात ठेवत. मागच्या भगदाडापाशी वाकून त्यांनी दोन-तीन दगड उचलून त्यात बसवले, शेवटचा थोडा फिरवून, जिथं तो बसतो तिथं. मग बाहेर आले. डोळे कोरडे होते, चेहरा मात्र मी कधी न पाहिलेला, एखाद्या लांब झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

"चला," ते म्हणाले. "पुढचं घर वैनीचं."

शेजारचंच होतं. म्हातारीनं आम्हाला उंबऱ्याबाहेर थांबवलं आणि आधी स्वतः आत गेली. काठीनं तिनं गाळावरचे शिंपले बाजूला सारले, पदरानं एक दगड पुसला.

"या," म्हणाली. "बसा. तिकडं नको बाई, तिकडं चूल हाय. सर, तुमी हितं. हितं माजा नवरा बसायचा." सगळ्यांना तिनं जागा दिल्या. शेवटी चाचा तेवढे उभे राहिले. तिनं भिंतीच्या सावलीच्या जागेकडं बोट केलं, तिथं आता सावलीही नव्हती.

"तू हितं बस. रोज दुपारी तुजी माय हितं बसायची, माज्यासंग मटकी निवडत."

चाचा बसले. पाय दुमडून, हात गुडघ्यांवर. म्हातारी त्यांच्या समोर बसली आणि गावातल्या, केव्हाच मेलेल्या, एका बाईच्या लग्नाची गोष्ट सांगायला लागली.